पापण्यांच्या कडा रोज कशाने धुवायच्या?

सकाळी उठताना पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, दिवसभर डोळ्यांत कचरा गेल्यासारखं खुपणं आणि संध्याकाळी आग. थेंब घातले की चार दिवस बरं वाटतं, बंद केले की पुन्हा तेच. पापण्यांच्या कडांचा जुनाट दाह, म्हणजे डॉक्टर ज्याला ब्लेफरायटिस म्हणतात तो, असलेल्या वाचकांची पत्रं बहुधा अशीच सुरू होतात आणि एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: "डॉक्टरांनी पापण्या धुवायला सांगितल्या, पण कशाने? कुणी बेबी शाम्पू सांगतं, दुकानदार वाइप्स पुढे करतो, मैत्रीण म्हणते टी ट्री ऑइल लाव. आम्ही नेमकं काय घ्यायचं?"

दाह पापणीच्या कुठल्या भागात आहे, ते आधी डॉक्टरांकडून समजून घ्या. साधन त्यावर ठरतं. आणि कुठलंही साधन घेतलंत तरी अपेक्षा योग्य ठेवा. हा आजार बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात राहतो, मुळासकट जात नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये या आजारावरचे ३४ अभ्यास तपासले. जुनाट ब्लेफरायटिस कायमचा बरा करणारा एकही उपचार त्यांना आढळला नाही. पापण्यांच्या नियमित स्वच्छतेने त्रास कमी होऊ शकतो, एवढं मात्र दिसलं. म्हणून "पंधरा दिवसांत कायमची सुटका" असं कुणी सांगत असेल, तर पैसे देण्याआधी थांबा.

तुमचा प्रकार कोणता?

उजेडात आरशासमोर उभे राहा आणि पापणीची कड नीट पाहा. शक्य असेल तर मोबाइलने जवळून फोटो काढा. तोच फोटो पुढे डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी पडतो.

- केसांच्या मुळाशी कोंडा किंवा खपल्या: दाह कडेच्या पुढच्या भागात आहे. तेलकट, पिवळसर कोंडा असेल तर बहुधा डोक्यातही कोंडा असतो. खपल्या कोरड्या, टणक असतील आणि काढताना त्वचा हुळहुळत असेल, तर जंतूंचा भाग मोठा असण्याची शक्यता असते.
- केस तुलनेने स्वच्छ, पण कड जाड, लाल आणि पापणीत वारंवार गाठी: दाह मागच्या भागात, मायबोमियन ग्रंथींमध्ये आहे. या तेलग्रंथींची तोंडं पापणीच्या कडेवर, केसांच्या रांगेच्या आतल्या बाजूला ओळीने असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांतून येणारं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून अश्रू लवकर सुकत नाहीत.
- केसाच्या मुळाभोवती नळीसारखं, मेणचट पांढरं आवरण आणि कडांना खाज: ही डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यांची खूण आहे. हे किडे निरोगी माणसांच्या त्वचेवरही असतात आणि वयाबरोबर वाढतात. त्यामुळे "किडे आहेत" हे ऐकून घाबरू नका, आणि अस्वच्छतेचा ठपकाही स्वतःवर घेऊ नका.

अनेकांत हे प्रकार एकत्र असतात. म्हणून घरच्या घरी शिक्का मारण्यापेक्षा नेत्रतज्ज्ञांना थेट विचारा: "माझ्या ग्रंथी बंद आहेत का? डेमोडेक्स दिसतो का?" स्लिट लॅम्पवरच्या नेहमीच्या तपासणीत या दोन्ही गोष्टी कळतात. वेगळ्या महागड्या चाचण्यांची गरज बहुतेकांना पडत नाही.

धुण्याआधी शेक

पत्रांवरून दिसतं की बहुतेक जण थेट धुण्यापासून सुरुवात करतात. तुमचा दाह ग्रंथींचा असेल, तर नुसतं धुऊन फार फरक पडणार नाही. थंडीत तूप थिजतं तसं या ग्रंथींतलं तेल घट्ट होऊन तोंडाशी अडकलेलं असतं. ते आधी उबेने पातळ करावं लागतं. त्यासाठी पापणीच्या आतल्या बाजूपर्यंत साधारण ४० अंश सेल्सिअसची ऊब पोहोचावी लागते आणि पाच ते दहा मिनिटं टिकावी लागते.

इथेच गडबड होते. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन-तीन मिनिटांत निवतो, आणि निवलेला रुमाल दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवून काही साधत नाही. त्यामुळे दोन रुमाल घ्या, गरम पाण्याचं भांडं झाकून जवळ ठेवा आणि दर दोन मिनिटांनी रुमाल बदला. एवढी उठाठेव रोज जमणार नसेल, तर डोळ्यांवर बांधायचा गरम होणारा पट्टा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. या आजारात पैसे कुठे खर्च करायचे असतील तर आधी इथे, कारण शेक कंटाळवाणा झाला की माणूस तो सोडून देतो.

मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा पट्टा मध्येच जास्त तापलेला असू शकतो. तो आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तव्यावर कापड गरम करून शेकायची आपल्याकडे सवय आहे, पण त्यात उष्णतेचा अंदाज राहत नाही आणि पापणीची त्वचा अतिशय पातळ असते. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झाली असेल, तर ऊब घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगा.

शेक झाल्यावर लगेच, तेल पातळ आहे तोवर, हलकी मालिश करा. डोळे मिटा. स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा केसांच्या दिशेने, आठ-दहा वेळा निपटा. डोळ्यावर दाब पडता कामा नये. नंतर थोडा वेळ धूसर दिसलं तर ते बाहेर आलेल्या तेलामुळे असतं आणि ओसरतं.

काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, अलीकडे डोळ्यांची कुठलीही शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि केराटोकोनस असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करू नये.

आता धुणं: पर्यायांची तुलना

सगळ्या पर्यायांत पद्धत सारखीच. हात धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, डोळे मिटा आणि केसांच्या मुळांवरून कडेला समांतर हलक्या हाताने पुसा. डोळ्याच्या आत जायचं नाही. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, वेगळा कपडा किंवा वेगळा वाइप. सुरुवातीचे दोन ते चार आठवडे दिवसातून दोनदा, मग त्रास उतरला की एकदा. कृत्रिम अश्रूंचे किंवा औषधाचे थेंब सर्वांत शेवटी.

उकळून कोमट केलेलं पाणी. खपल्या थोड्या असतील आणि त्वचा फार नाजूक असेल, तर सुरुवात इथून करायला हरकत नाही. तेलकट कोंडा मात्र नुसत्या पाण्याने सुटत नाही. काही डॉक्टर पाण्यात खाण्याचा सोडा घालायला सांगतात: कपभर पाण्याला पाव चमचा, रोज ताजं. सोडा खाण्याचाच हवा. कपडे धुण्याचा सोडा पूर्णपणे वेगळा असतो आणि तो डोळ्याला भाजतो. स्वयंपाकघरात दोन्ही पुड्या शेजारी ठेवत असाल, तर हा पर्याय घेऊ नका.

पातळ केलेला बेबी शाम्पू. स्वस्त, घरात असणारा आणि वर्षानुवर्षं डॉक्टरांनीच सुचवलेला उपाय. अर्धा कप कोमट पाण्यात दोन-तीन थेंब पुरतात, आणि पुसून झाल्यावर साध्या पाण्याने पापणी धुवायलाच हवी. पण या उपायाबद्दल आता नवी माहिती हाताशी आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्लेफरायटिस असलेल्या ४३ जणांना एका डोळ्याला पातळ बेबी शाम्पू आणि दुसऱ्या डोळ्याला पापण्यांसाठीच बनवलेलं एक क्लीन्सर चार आठवडे, दिवसातून दोनदा वापरायला दिलं. आराम दोन्हीकडे पडला. क्लीन्सरच्या बाजूला तो जास्त होता. शिवाय शाम्पूच्या बाजूला डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रू पसरून धरणाऱ्या श्लेष्मातला एक महत्त्वाचा घटक घटलेला आढळला. शाम्पू केसांवरचं तेल काढायला बनवलेला असतो, आणि आपल्याला तर पापणीचं तेल टिकवायचं असतं. त्यामुळे मला या निष्कर्षाचं नवल वाटत नाही.

हा एकच, छोटा अभ्यास आहे आणि त्यात एकाच कंपनीचं क्लीन्सर तपासलं होतं, हे ध्यानात ठेवा. शाम्पूने तुमचा त्रास आटोक्यात असेल, डोळे कोरडे पडत नसतील आणि खर्चाची अडचण असेल, तर अपराधी वाटून घेऊन बदल करण्याची गरज नाही. पण डोळे आधीच कोरडे असतील, किंवा शाम्पू सुरू केल्यावर आग वाढली असेल, तर तो बंद करा.

पापण्यांसाठीचे तयार वाइप्स आणि फोम. परवडत असेल तर बहुतेकांसाठी माझी पहिली पसंती हीच. मात्र घेताना घाई करू नका.

- सुगंध नसलेलंच घ्या. घटकांची यादी नसलेलं पाकीट परत ठेवा.
- मेकअप काढायचे वाइप्स आणि लहान मुलांचे वाइप्स यासाठी नाहीत.
- एका पाकिटाच्या किमतीकडे न बघता महिन्याचा हिशेब करा. दिवसातून दोनदा, दोन्ही डोळ्यांना म्हणजे महिन्याला १२० वाइप्स. फोमची बाटली अनेकदा जास्त दिवस पुरते.
- पुसून तसंच ठेवायचं की धुवायचं, ते पाकिटावर पाहा. प्रत्येक उत्पादनाचं वेगळं असतं.
- पापणीची त्वचा लाल होऊन सोलवटली, तर ती परिरक्षकाची ॲलर्जी असू शकते. "अजून नीट धुतलं जात नाही" असं समजून जास्त घासू नका.

हायपोक्लोरस आम्लाचा फवारा. ०.०१ ते ०.०२ टक्के इतक्या सौम्य प्रमाणातलं हे द्रावण मिटलेल्या पापणीवर लावतात. ते जंतू कमी करतं, सहसा चुरचुरत नाही, आणि ज्यांना शाम्पू किंवा वाइप्स सोसत नाहीत त्यांच्यासाठी चांगला पर्याय आहे. पण खपल्या सोडवण्याचं काम त्याच्याकडून फारसं होत नाही, त्या आधी ओल्या कपड्याने काढाव्या लागतात. फरशी पुसायच्या ब्लीचमध्ये असतं ते सोडियम हायपोक्लोराइट. नावं जवळची आहेत, पण ब्लीच पाण्यात मिसळून घरी असं द्रावण बनवायला गेलात तर डोळा जाऊ शकतो.

टी ट्री. डेमोडेक्सची खात्री झाली असेल तरच याचा विचार करा. यातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक किडे मारतो. पण शुद्ध टी ट्री तेलाची बाटली आणून कापसाने पापणीला लावणं अत्यंत धोक्याचं आहे, त्याने कॉर्निया भाजतो. खोबरेल तेलात अंदाजाने मिसळणंही नको. पापण्यांसाठी बनवलेली कमी प्रमाणातली उत्पादनंच वापरा, तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. २०२० मध्ये कॉक्रेनने याचाही आढावा घेतला: थोड्या काळासाठी उपयोग होत असेल, पण पुरावा कच्चा आहे, आणि वापरायचंच तर कमी प्रमाण बरं. किड्यांचं जीवनचक्र दोन-तीन आठवड्यांचं असतं, म्हणून हा उपाय आठवड्याभरात सोडून उपयोग नाही. निदान सहा आठवडे तरी हवेत. अमेरिकेत असलेल्या वाचकांसाठी एक वेगळी वाट आहे. तिथल्या एफडीएने जुलै २०२३ मध्ये डेमोडेक्स ब्लेफरायटिसवर लोटिलॅनर ०.२५ टक्के हे थेंब मंजूर केले. ते सहा आठवडे, दिवसातून दोनदा घालायचे असतात. तुमच्या नेत्रतज्ज्ञांना त्याबद्दल विचारा.

दवाखान्यातल्या महाग प्रक्रिया

कडा यंत्राने घासून स्वच्छ करणं, यंत्राने ऊब देऊन ग्रंथी दाबणं, आयपीएल म्हणजे प्रकाशझोताचे उपचार: यांचा काहींना खरोखर उपयोग होतो. पण चार-सहा आठवडे घरचा शेक आणि स्वच्छता नेमाने करून फरक पडला नसेल, तरच तिकडे वळा. परिणाम काही महिन्यांनी उतरतो आणि घरची स्वच्छता त्यानंतरही चालू ठेवावीच लागते, हे आधी कळलेलं बरं. आयपीएलबाबत आपल्याकडच्या वाचकांनी विशेष जपावं. गडद वर्णाच्या त्वचेवर डाग पडण्याचा किंवा भाजण्याचा धोका जास्त असतो. "माझ्या त्वचेच्या रंगाला हे चालेल का आणि तुम्ही अशा किती जणांवर केलं आहे?" हे विचारायला संकोचू नका.

औषधांबद्दल

जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टर कडेला लावायचं प्रतिजैविक मलम देतात. ग्रंथींचा दाह हट्टी असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे देतात. ही गोळी गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. ती भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यायची असते, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नसतं, आणि दूध किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घ्यायची नसते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगा, त्यांनी या तेलग्रंथी आटतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती स्टेरॉइडच्या थेंबांची. लाली एका दिवसात उतरते, म्हणून लोक तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतात. अनेक "ॲंटिबायोटिक" थेंबांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं असतं. देखरेखीशिवाय महिनोन् महिने वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. तुमच्या घरातल्या बाटलीवरची घटकांची नावं आजच वाचा. यातलं एखादं नाव असेल आणि थेंब काही आठवडे चालू असतील, तर ते स्वतःहून अचानक बंद न करता लवकरात लवकर डॉक्टरांकडे जाऊन डोळ्याचा दाब तपासून घ्या.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलबद्दलही विचारणा होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ड्रीम' या मोठ्या अमेरिकी चाचणीत कोरड्या डोळ्यांसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत. हे पैसे शेकाच्या पट्ट्यासाठी वापरा.

रोजच्या सवयींत काय बदलायचं?

काजळ. पापणीच्या आतल्या कडेवर ओढलेली काजळाची रेघ थेट तेलग्रंथींच्या तोंडांवर बसते. दाह असेपर्यंत ते पूर्ण बंद ठेवा. नंतर लावलंच तर केसांच्या बाहेरच्या बाजूला, आणि रात्री पुसून. सुरम्यात शिसं असू शकतं, तो मुलांना तर नकोच. डोक्यात कोंडा असेल तर त्याचे उपचार सोबत करा, नाहीतर पापण्यांवर तो परत येत राहतो. पण कोंड्याचा औषधी शाम्पू पापण्यांना लावू नका. गुलाबपाणी, मध, दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नका, ते निर्जंतुक नसतं. लेन्स वापरणाऱ्यांनी त्रास वाढलेला असताना चष्म्यावर यावं.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर पापण्यांचा दाह सर्जनना आधीच सांगा. कडांवरचे जंतू शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत संसर्ग करू शकतात, आणि अश्रूंचा थर बिघडलेला असेल तर लेन्सच्या नंबराचं मापही चुकू शकतं. त्यासाठी शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे गेली तरी चालेल. शिबिरात नाव नोंदवलं असेल तरी हे सांगाच.

घरचे उपाय थांबवून लगेच तज्ज्ञांकडे जा, जर

- दृष्टी कमी झाली, उजेड सोसेना किंवा डोळा आतून ठणकू लागला
- बुबुळावर पांढरा ठिपका दिसला
- पापणी सुजून ताप आला किंवा डोळा हलवताना दुखू लागलं
- त्रास एकाच पापणीला असून तिथले केस गळत आहेत, कड जाड होते आहे, किंवा रांजणवाडीसारखी गाठ काढूनही त्याच जागी पुन्हा येते आहे

शेवटचा मुद्दा पन्नाशीपुढच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. तेलग्रंथींचा कर्करोग भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, आणि सुरुवातीला तो जुनाट दाहासारखाच दिसतो. काढलेली गाठ तपासायला पाठवली का, हे विचारा.

तुमचे हक्क

डोळ्यांचे स्टेरॉइडयुक्त थेंब 'शेड्यूल एच'मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय ते विकणं नियमाविरुद्ध आहे, म्हणून दुकानदाराने "हे घ्या, लगेच बरं वाटेल" म्हणून दिलेली बाटली नाकारा. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं लिहावं, अशी अपेक्षा त्यांच्या आचारसंहितेत आहे. मूळ नाव हातात असलं की जनऔषधी केंद्रात तेच औषध विचारता येतं. तुमची वैद्यकीय कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत, दुसरं मत घ्यायचं असेल तेव्हा ती मागा. महागड्या प्रक्रियेआधी बैठकींची संख्या आणि एकूण खर्च लेखी घ्या.

प्रत्येक खरेदीचं बिल ठेवा. उत्पादनाबद्दल किंवा सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. औषधाचा दुष्परिणाम झाला असं वाटलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि १८००-१८०-३०२४ या औषध सुरक्षा हेल्पलाइनवर स्वतःही नोंदवा. बाटली फेकून देऊ नका. बॅच क्रमांक तिच्यावरच असतो.